पलीकडचं बटण

पाशाभाईंनी गादी उचलून उभी केली, फळीकडं वाकले आणि तसेच राहिले. फळीवर दोन ओले डाग होते. माणूस कुशीवर झोपला की जेवढी जागा व्यापतो तेवढे, शेजारी शेजारी, मध्ये वीतभर कोरडं. त्यांनी दोन्हींवर तळवा टेकवून पाहिला.

"ताई, गाडीत किती जण झोपता?"

विजयमालाबाई दाराशी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"एकटीच."

"रातच्याला कड बदलत असताल."

"मी? खिडकीकडं तोंड करून झोपते, ती सकाळी तशीच उठते. कावून?"

पाशाभाईंनी परत फळीकडं पाहिलं. नेकनूर रोडवरच्या त्यांच्या शेडमध्ये ट्रॅक्टर, जीप, टेम्पो असं काय काय येऊन गेलं होतं; राहायची गाडी मात्र ही पहिलीच. दीड वर्षापूर्वी विजयमालाबाई आणि त्यांचे यजमान अमरसिंह एक जुनी शाळेची व्हॅन घेऊन आले होते. तिला पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी करून घेतली. पलंगाचं माप अमरसिंहांनी स्वतः आडवं होऊन दिलं होतं. गाडी तयार झाली आणि महिन्याभरात ते गेले. जेवता जेवता छातीत दुखलं, एवढंच. तेव्हापासून विजयमालाबाई परळीच्या घराला कुलूप लावून अंगणातल्या या गाडीतच झोपायच्या. आता त्या कोकणात निघाल्या होत्या, म्हणून आधी गाडी तपासून घ्यायला आल्या होत्या. समुद्र दोघांनी बघायचा ठरलं होतं.

"माणसाच्या श्वासातून रातभरात कपभर पाणी निघतं," पाशाभाई म्हणाले. "त्याला भायेर जायला वाट न्हाई, म्हणून गादीखाली उतरतं. पण एका माणसाचा एक डाग पडतो, ताई."

विजयमालाबाईंनी कप तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता.

पाशाभाईंनी खिडक्या बघितल्या. प्रत्येक फटीवर खाकी चिकटपट्टी, तीही दुहेरी.

"ह्या कशाला?"

"परळीची सवय. वीज केंद्राची राख येते घरात."

"कोकणात कुठली राख?"

पाशाभाईंची बायको फरीदा गादीची नवी खोळ घेऊन आली, तिनं आत डोकं घातलं आणि नाकाला ओढणी लावली.

"या अल्ला! हवाबंद ठेवलं की लोणचं टिकतं, ताई. माणूस न्हाई टिकत."

"सकाळी डोकं जड होतं का?" पाशाभाईंनी विचारलं.

"होतं."

"मग ऐका माझं. टपाला भोक पाडतो, पंखा बसवतो. आतली हवा ओढून भायेर फेकंल, सगळी. न्हाईतर एक दिवस तुमी उठणारच न्हाईत."

"सगळी?"

बाई पलंगाच्या पलीकडच्या खिडकीकडं बघत होत्या. त्यांच्या बाजूची काच सकाळी पुसलेली, स्वच्छ होती. पलीकडची धुरकट. तिच्यावर पाण्याचे ओघळ सुकून एकावर एक कितीतरी रेघा साचल्या होत्या. तिथं फडका फिरलाच नव्हता.

"त्यांना पंखा चालत न्हाई," त्या म्हणाल्या.

फरीदानं नवऱ्याकडं पाहिलं.

"चालायचा न्हाई," बाईंनी दुरुस्ती केली. "वारं डोक्यात जातं म्हणायचे. मी लावायची, हे पहाटे उठून बंद करायचे. तीस उन्हाळे घामात काढले मी."

"आमच्याकडं उलटं हाय. हे थंडीत बी पंखा लावतेत, अन् मी गोधडीत मरते," फरीदा म्हणाली. कुणी हसलं नाही, तेव्हा ती गादीला खोळ चढवू लागली.

विजयमालाबाईंनी कप खाली ठेवला.

"पाडा भोक."

ड्रिल सुरू झालं तसा पत्र्याचा कीस आत पडू लागला. बाई आत शिरल्या आणि त्यांनी पदर पसरला. त्यांची स्वतःची उशी उघडीच राहिली. पदर पलीकडच्या उशीवर होता.

दुपारी वायर ओढताना पाशाभाईंनी विचारलं, "बटण तुमच्या हाताशी देऊ?"

"न्हाई. पलीकडं द्या."

"झोपल्या जागेवरून हात पोचणार न्हाई तिथं."

"माहितीय मला."

पाशाभाईंनी वायर पलीकडच्या भिंतीवरून नेली.

पहिला मुक्काम कपिलधारच्या धबधब्याजवळ केला. बाईंनी पलंगावर गुडघे टेकून बटण दाबलं, त्यातला लाल दिवा लागला, पंखा घरघरू लागला. मग त्या आपल्या जागी येऊन खिडकीकडं तोंड करून झोपल्या.

सकाळी धबधब्याचा आवाज अगदी कानाशी येत होता. तो इतका स्पष्ट का येतोय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. पंखा बंद होता.

त्यांनी उशाशी असलेला दिवा लावून पाहिला. लख्ख लागला. मग मान वळवली. पलीकडच्या बटणातला लाल दिवा विझलेला होता आणि बटण वर उचललेलं, बंद केलेलं होतं. दोन्ही खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती.

फोन वाजला. पाशाभाई होते.

"काय ताई, पंखा चालला का?"

"चालला. पहाटेपर्यंत."

फोनमधून कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"बॅटरी उतरली असंल."

"बॅटरी चांगली हाय."

पाशाभाई घसा खाकरून म्हणाले, "ताई, तुमच्या बाजूची खिडकी तरी बोटभर उघडी ठेवत जा. तेवढं करा."

"करते."

त्यांनी फोन ठेवला. चिकटपट्टीच्या टोकाखाली नख घातलं, ती हळूहळू सोलून काढली आणि काच सरकवली. गार, ओल्या झाडांच्या वासाची हवा गालाला लागली. त्यांनी फटीत बोट घालून माप बघितलं आणि मागं न वळता म्हणाल्या,

"बोटभरच हाय. अन् माझ्या बाजूची हाय. वारं लागलं तर पांघरूण घ्या."