दोन जावांचे फोटो

"ललिताबाई, हात वर घ्या. या दांडीले धरा. आता श्वास रोका."

बाईंनी श्वास रोखला, पण त्याआधी दाराकडे वळून पाहिलं, जणू मी बाहेरच्या कुणाला हाक मारली होती. मी लक्ष दिलं नाही. स्तनांचा फोटो काढायच्या या यंत्रासमोर बाई स्वतःचं नावच काय, गावही विसरते. मी माधवी, अकोल्याची. अमरावतीच्या दवाखान्यात कित्येक वर्षं हेच काम करते. गार पट्टीखाली छाती दाबली गेली की भल्याभल्या मालकिणींची बोलती बंद होते.

फोटो निघाले. नेहमीप्रमाणे मी मागच्या वर्षीचे फोटो पडद्यावर शेजारी उघडले. मागच्या वर्षीचा फोटो पांढरा, गच्च भरलेला. आजचा काळसर, त्यात दोनचार बारीक पांढऱ्या रेषा. वर्षभरात असं होत नाही. आतली ही नक्षी बाईगणिक वेगळी असते आणि वरून हात लावून ती कधीच कळत नाही. मी धावत जाऊन डॉक्टर रागिणी मॅडमना घेऊन आले.

मॅडमनी दोन्ही फोटो पाहिले. "माधवी, या ललिताबाई नाहीत."

मी बाईंपुढे स्टूल ओढून बसले. "बाई, खरं सांगा, तुमी कोन?"

"सुभद्रा. ललिता मायी धाकटी जाऊ. वलगावले एकाच घरात रायतो आमी."

"मंग तिच्या जागी तुमी कावून आल्या?"

सुभद्राबाई ओशाळल्या असतील असं कुणाला वाटेल, तर नाव नको. त्यांनी पदर सारखा केला आणि पंचायतीत न्याय मागावा तसा आवाज लावला.

"मागच्या साली दोगी संगं आलो. मले म्हनलं दोन सालानं या, तिले म्हनलं दर साली या. कावून? आमच्या घरी लुगडं आलं तं दोगीले सारखं, बांगड्या भरल्या तं दोगीले सारख्या. आन पयला मान थोरलीचा. तुमचा फोन आला तो तिलेच! मी तिच्यासंगं बोलनंच सोडलं. मंग ललिताच म्हने, बाई, माया जागी तुमीच जा."

"आन ते कुठी हाये?"

"वावरात. कापूस वेचून रायली."

हसावं की कपाळ बडवावं कळेना. मानपानात दवाखान्याचा नंबरही वाटून घेणाऱ्या बाया मी पहिल्यांदाच पाहत होते. पण मॅडमच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी सुभद्राबाईंना हाताला धरून पडद्यापुढे आणलं.

"हे तुमचं. काळं दिसतं ती चरबी. इथे गाठ आली तर पांढरी दिसेल, लगेच सापडेल. आणि हे ललिताबाईंचं. इथे सगळंच पांढरं आहे, आणि गाठही पांढरीच असते."

सुभद्राबाई पडद्याजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे कापसाच्या ढिगात चुन्याचा खडा."

"अगदी तसंच. शिवाय अशा छातीला धोकाही जरा जास्त. पूर्वी आम्ही सगळ्यांना एकच नियम लावायचो. आता कॉम्प्युटर फोटो वाचतो आणि प्रत्येकीला पुढं किती धोका आहे त्याचा अंदाज देतो. तुम्हाला दोन वर्षांनी पुरे. तिला दरवर्षी फोटो, वर सोनोग्राफी."

मी रोज तेच फोटो काढते, तरी त्या क्षणी थक्क झाले. मागच्या वर्षी ललिताच्या छातीत काहीही सापडलं नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. तरी त्या यंत्रानं वलगावच्या एका बाईकडे पाहून सांगितलं होतं की हिच्यावर लक्ष ठेवा. तिच्या आईलाही एवढं कळलं नसतं.

सुभद्राबाईंनी फोन लावला. "ललिते, हाये तशी ये. मले काई नाई झालं व! तुलेच पायलं पायजे, मायं चुकलं."

दुपारी ललिता आली. केसांत कापसाचे तंतू, बोटं बोंडांनी ओरखडलेली. फोटो काढला; मागच्या वर्षीसारखाच पांढरा, त्यात काही वेगळं दिसेना. सोनोग्राफीत मात्र मॅडमचा हात एका जागी थांबला. ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. मी परत फोटोकडे गेले, नेमकी जागा ठाऊक असूनही मला तिथे काही दिसलं नाही. असल्या यंत्रापुढे माणसानं हात जोडावेत, दुसरं काय करावं!

"हातालेई लागत नाई हे," ललिता चाचपत म्हणाली. "मंग तुमाले कसं दिसलं?"

"सुईनं तुकडा काढून तपासू," मॅडम म्हणाल्या. "काय आहे ते मग कळेल. वाईट निघालं तरी फार लवकर सापडलंय. आणखी वर्ष गेलं असतं तर मला काळजी वाटली असती."

सुभद्राबाई ललिताच्या केसांतले कापसाचे तंतू वेचू लागल्या.

फोटोच्या वेळी गळ्यातली मंगळसूत्राची पोत पाठीवर टाकली की भागतं, सुईच्या वेळी मात्र काढावीच लागते. ललिता अडखळली. लग्नापासून तिनं ती उतरवलीच नव्हती. मी ट्रे पुढे केला.

"खाली नोको ठेवू," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्या गळ्यातून पोत काढली आणि आपल्या गळ्यात घातली. "जाय. मी इथंच हावो."

मी सुया घ्यायला बाहेर आले तेव्हा बाकड्यावरच्या बाया दाराशी थांबलेल्या सुभद्राबाईंच्या गळ्याकडे टकमक बघत होत्या. शेवटी एकीला राहवलं नाही.

"काय व बाई, दोन पोती कशाले?"

"एक मायी हाये," सुभद्राबाई म्हणाल्या. दुसरी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.