आगीच्या शेजारचं सागवान

मित्रांनो, मला पॅटर्न म्हणतात. सागवानी अंग, पाण्याच्या पंपासारखा गोल आकार आणि जन्मभराची आगीची धास्ती, एवढीच माझी ओळख.

लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिच्या आकाराचं लाकूड घडवावं लागतं. ते लाकूड म्हणजे मी. पिंपरी कॅम्पामागच्या एका गल्लीत चिमाजी मिस्त्रींनी मला घडवलं. बार्शीकडून पोटासाठी आलेले ते सुतार. लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून त्यांची फूटपट्टी बाजारातल्या फूटपट्टीहून जराशी लांब असे. रंधा फिरे, भुसा झरे, आणि मिस्त्री माझ्याशी बोलत, "तुला कुणी बघायचं नाही, बाळा. तुझ्यामुळं जे होईल ते बघतील."

फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, माझं काम सुरू झालं. ओलसर काळी वाळू माझ्याभोवती ठासायची, मला हलकेच ठोकून मोकळं करायचं, वर उचलायचं. वाळूत माझ्या आकाराची पोकळी राही. आत्ता मी जिथे निजलो होतो, त्याच जागी लालबुंद लोखंड उतरे. दोन हात अंतरावर उभा राहून मी ते बघत असे. एखाद्या दिवशी मला उचलायचं राहूनच गेलं तर? त्या एका विचारानं माझं सारं तारुण्य पोखरलं. लोखंड माझं रूप घेई, पंप होऊन गावोगाव जाई, शाबासकी मिळवी. मी मात्र रात्रभर गोदामात अंगावरची वाळू सांभाळत जागा.

पुढे संगणकावर आखलेले धातूचे पॅटर्न आले आणि आमची गरज सरली. दर होळीला गोदामातले माझे सोबती एकेक करून गेले. सुकलेलं सागवान, वरून रंगाचा थर. छान पेटतं म्हणे.

मी वाचलो तो योगायोगानं. अर्जुनराव नावाच्या एका निवृत्त कारखानदारांनी निघोज्याजवळच्या शेडमध्ये यंत्रांच्या इतिहासाचं संग्रहालय मांडलं. भंगाराबरोबर मीही तिथे आलो.

यंदा फाल्गुनाच्या सुरुवातीला कळलं, की उत्तम मांडणीचा पुरस्कार ठरवायला परीक्षक येणार आहेत. अर्जुनराव म्हणाले, "त्यांच्या नजरेत भरणार नाही ती वस्तू शेडबाहेर. जागा कुठंय आपल्याकडं?"

शेडची राखण करणारा नवनाथ निघोज्याचाच. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मंग हे तर गेलंच. आमच्या आळीला सांगून ठिवलंय मी, होळीला लाकूड देतो म्हणून."

मला कापरं भरलं. पण लाकडाचं कापरं कुणाला दिसतं?

मांडणीचं काम करणारी तेजस्विनी ताथवड्याच्या कॉलेजात शिकायची. तिला माझी दया आली आणि घाईत तिनं भलतंच केलं. मला चंदेरी रंग फासला आणि नवनाथला म्हणाली, "लाकूड दिसलं की लोक पुढं सरकतात, दादा. लोखंड दिसलं तर थांबतील."

परीक्षक आल्या. विजयश्रीबाई. माझ्यापाशी खरंच थांबल्या. "पंप जुना दिसतोय," म्हणत त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं.

टक. लोखंड असं वाजत नाही.

"हे काय आहे?"

तेजस्विनीचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांपुढे ज्वाळा उभ्या राहिल्या.

"पॅटर्न आहे, मॅडम. लाकडाचा. लोक थांबत नव्हते म्हणून मीच रंगवला."

"म्हणजे खरी वस्तू झाकून खोटी दाखवलीत." बाई पुढच्या मांडणीकडे वळल्या. "बाकीचं बघून येते. तोवर याचं तोंड धुवा."

थिनर आला, चिंध्या आल्या. नवनाथही हात लावायला बसला. "आधी पावडर लावायची, मंग पुसायची. पार नवरदेव केला राव याचा." पुसता पुसता त्याचं बोट माझ्या आतल्या कोपऱ्यात अडखळलं. "ताई, हितं कातडं चिकटवलंय व्हय?"

"हो. कोपरा टोकदार राहिला तर वाळू तुटते. म्हणून चामड्याची पट्टी लावून गोलाई देतात."

नवनाथनं पुन्हा बोट फिरवलं. "एवढ्याशा जागंत? जिथं कुणी बघणार बी न्हाई?" मग तो नुसता पुसत राहिला, जपून.

बाईंनी परत येऊन मला निरखून पाहिलं, पण पुरस्कार दुसऱ्या संग्रहालयाला गेला. होळीच्या सकाळी अर्जुनरावांच्या सांगण्यावरून मला बाहेर भिंतीला टेकवलं. ऊन चढत होतं. माझ्या अंगातला उरलासुरला ओलावाही सुकत होता.

दुपारी टेम्पो आला. नवनाथच्या आळीतला आबाजी उतरला आणि त्यानं मला उचललंसुद्धा.

"ठेव ते," मागून नवनाथ म्हणाला.

"आरं, तूच म्हणला व्हतास ना?"

"म्हणलो व्हतो. तवा त्याला हात लावला नव्हता."

"लाकडाला काय हात लावायचा?"

"लाव की. आतल्या अंगानं लाव."

आबाजीनं बोट फिरवलं. "लई गुळगुळीत हाय."

"तिकडं कंपनीच्या फुटक्या लाकडी पेट्या पडल्यात, त्या न्या. हे मिळायचं न्हाई."

"आन् साहेब?"

"साहेबाचं मी बघतो."

संध्याकाळी अर्जुनरावांनी मला दाराजवळच्या टेबलावर पाहिलं. "हे परत आत कसं?"

"लोकांनी हात लावून बघावं म्हणून ठिवलंय, साहेब." अर्जुनराव थबकले, आणि त्यांनीही बोट पुढे केलं.

मित्रांनो, भीती गेली असं नाही. गावात होळी पेटली तेव्हा धुराचा वास शेडमध्ये आला आणि मी आतून चिरत गेलो. मला राखणारा नवनाथ एकटाच आहे. उद्या शेड विकली जाईल, त्याची नोकरी सुटेल. तुमच्या घरामागे, कारखान्याच्या कोपऱ्यात माझे भाऊबंद पडलेले असतील. त्यांना चमकवू नका, सजवू नका. सरणावर चढवण्याआधी आतल्या कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवून बघा. मग काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.