टांग्याहून परतलेला भटू

१९५८ च्या माघात मुंबईहून तार आली. मास्तरांनी ती तीनदा वाचून दाखवली: भटू जिवंत आहे, शुक्रवारच्या सुरतेकडच्या गाडीनं नंदुरबारला उतरतोय. भटू म्हणजे माझ्या वडिलांचा, हिंमतरावांचा थोरला भाऊ. त्याला मरून चव्वेचाळीस वर्षं झाली होती!

निदान आम्ही तसंच धरून चाललो होतो. १९१४ साली दोघे भाऊ इंग्रजांच्या पलटणीतून आफ्रिकेला गेले. टांगा नावाच्या बंदराजवळ त्यांना होड्यांतून किनाऱ्यावर उतरवलं. आमच्या गावाला टांगा घोड्याचाच ठाऊक. समोर झाडीतून जर्मनांच्या मशीनगनी, वर उठलेलं मधमाश्यांचं मोहोळ. चार दिवसांत पलटणी पुन्हा होड्यांकडे पळाल्या, शेकडो माणसं तिथंच राहिली. वडील एकटे परतले. "भटूनी मन्हा मांडीवर जीव सोडा," असं त्यांनी आजीला सांगितलं. दोन वर्षांनी भटूच्या बायकोशी, शांतीबाईशी, त्यांचा पाट लागला. ती माझी आई.

शुक्रवारी निम्मं गाव बैलगाड्या जुंपून, ढोल घेऊन निघालं. आईनं नवं लुगडं नेसलं, सोडलं, पुन्हा नेसलं.

आगगाडी थांबली. डब्यातून आधी कुबडी उतरली, मग एका पायाचा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. ढोल कडाडला. वडील गर्दी ढकलत धावले आणि त्याच्यापुढं खाली बसले.

"मी खोटं बोलनू, भाऊ! तू पडना, मी दखं, आनि पळनू. मांगे फिरीसन दखंच नही."

"पळना ते बरं करं," काका म्हणाले. "जर्मन डॉक्टरनी पाय कापा, पन जीव वाचाडा. माय कोठे शे?"

"अठरा सालना तापमा गयी."

काकांनी डोळे मिटले. लढाई संपल्यावर बंदरात भेटलेल्या, आमच्या भागात कापूस घेणाऱ्या एका सुरती व्यापाऱ्याकडून त्यांना पाटाचं कळलं होतं. म्हणून ते तिथंच शिवणकाम करत राहिले. आता सुईत दोरा ओवता येईना, म्हणून परतले.

आई पुढं आली. ढोल थांबला.

"एक कागद ते धाडता!"

"काय लिखतू?"

"जिता शे. इतलंच."

तिनं त्यांचं गाठोडं स्वतः उचलून बैलगाडीत ठेवलं. तशी सगळ्यांनी एकच आरोळी ठोकली. गावाजवळची तापी दिसताच काका धावत्या गाडीत एका पायावर उभे राहून ओरडायला लागले. एकीकडून आईनं, दुसरीकडून वडिलांनी त्यांना घट्ट धरलं.

पुढं सहा वर्षं ते आमच्याच घरी होते.