दांड्याची घट

सव्वीस वर्षं मी चौथीला वाहतुकीची साधनं शिकवते. जमिनीवरची, पाण्यावरची, हवेतली. हवेतली शिकवताना माझा आवाज जरा बारीक व्हायचा, कारण मी विमानाला कधी हातसुद्धा लावलेला नव्हता. मुलांनी विचारलं, "बाई, आत कसं असतं?" तर मी फळ्याकडे वळून पुसायला काही नसताना फळा पुसायची.

म्हणून पारसचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठूनच बोलले. पारस म्हणजे आमच्या चोपड्याच्या नेमीचंद शेठचा मुलगा. शेठचा केळीचा व्यापार होता, मुलगा मात्र वैमानिक झाला. तो आणि त्याचे दोन मित्र सुटीच्या दिवशी धुळ्याच्या धावपट्टीवर येतात आणि खेड्यातल्या मुलांना लहान विमानातून हौसेनं फिरवून आणतात. "मॅडम, तुमच्या शाळेची आठ मुलं आणा. तीन फेऱ्या, दर फेरीत तीन जागा. नववी जागा तुमची."

नववी जागा माझी! मी नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं.

विमान लहान असल्यानं वजनाचं बंधन होतं. तिघांचं मिळून एकशेवीस किलोच्या वर नको. याद्या आधीच वजन करून पाठवायच्या होत्या. आमच्या शाळेतला काटा दोन वर्षांपासून बंद, तेव्हा मी मुलांना घेऊन कौतिकनानांकडे गेले. नानांनी नेमीचंद शेठकडे तीस वर्षं केळी मोजली. सरकत्या वजनाचा तो जुना काटा शेठनं दुकान बंद करताना त्यांनाच देऊन टाकला. आकडे इतके पुसट झालेत की नानांशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. मुलं एकेक करून चढली, नाना वजन सरकवत मोठ्यानं आकडा सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांची नात दीपमाला सगळ्यांत हलकी निघाली. एकोणतीस.

शेवटी मी चढले. "अठ्ठावन्न," नाना म्हणाले.

पंधराच दिवसांपूर्वी आरोग्य केंद्रात माझं वजन चौसष्ट भरलं होतं. मला एका क्षणात कळायला हवं होतं. वर्गात मी मुलांकडून उत्तराचा ताळा करून घेतल्याशिवाय पुढचं गणित देत नाही. पण अठ्ठावन्न! आरोग्य केंद्राचा काटाच बिघडलेला असणार, असं मी ठरवून टाकलं. घरी जाताना चालही हलकी झाली होती माझी.

रविवारी पहाटे जीपनं निघालो आणि अमळनेरवरून धुळ्याला पोहोचलो. पांढरं विमान पाहून मुलं जागीच थांबली. दीपमालानं माझा पदर धरून ठेवला होता. शेवटची फेरी आमची होती: मी, ती आणि तिच्या खालोखाल हलका असलेला नवल. माझ्या वजनाचा मेळ बसावा म्हणून दोन्ही हलकी मुलं मुद्दाम माझ्याबरोबर ठेवली होती.

चढण्याआधी पारस प्रत्येकाला पुन्हा काट्यावर उभं करत होता. प्रेमराजचं यादीत पस्तीस होतं, इथे एकोणचाळीस भरलं. दुसऱ्या मुलाचंही तसंच वाढलं. तिसऱ्याचंही. पारसनं यादीकडे पाहिलं, मग सोबत आलेल्या कौतिकनानांकडे पाहिलं आणि हसायलाच लागला.

"नाना, दांड्याची घट धरली का तुम्ही?"

नानांचा चेहरा उतरला. केळीच्या घडातला दांडा काही विकला जात नाही, म्हणून शंभरामागे दहा कमी करून आकडा सांगायचा. तीस वर्षं काट्यावर एक दिसायचं आणि तोंडातून दुसरं निघायचं. पोरांच्या वजनातूनही त्यांनी दांडा वजा केला होता.

"सवय पडी गयी रे भाऊ," ते म्हणाले. "मन्हा ध्यानमाच नही उनं."

पारसनं बेरजा केल्या. पहिल्या दोन फेऱ्या कशाबशा बसत होत्या. आमची बसत नव्हती. नऊ किलो जास्त. आणि चौथी फेरी शक्य नव्हती, साडेनऊनंतर धावपट्टी दुसऱ्यांना दिलेली होती.

"एकाला उतरावं लागेल," पारस म्हणाला.

नानांनी लगेच दीपमालाचा दंड धरून तिला मागे घेतलं. "मनी चूक शे, मनी नात आठेच राही. बाई, तुम्ही जा."

दीपमाला रडली नाही. तिनं फ्रॉकला टाचलेलं नावाचं कागदी कार्ड काढलं आणि पिन नीट बंद करून दोन्ही माझ्या हातात दिलं. मला नानांचा राग आला. पोरीनं काय केलं होतं? आणि तरी मी गप्प राहिले. पहिली फेरी गेली, आली, दुसरी गेली, तोवर मी गप्प होते. मला जायचं होतं, दुसरं काही नाही. ती पिन मुठीत रुतत होती.

दुसरी फेरी उतरली. पारसनं हात केला.

"पारस, मी राहते," मी म्हणाले. "चूक नानांची एकट्याची नाही. माझं वजन चौसष्ट आहे हे मला आधीच माहीत होतं. अठ्ठावन्न ऐकून बरं वाटलं म्हणून मी विचारलंच नाही."

एवढ्या माणसांसमोर वजन सांगताना कान तापले. पोरं फिदीफिदी हसली. हसू देत. मी कार्ड पुन्हा दीपमालाच्या फ्रॉकला टाचलं. तिनं नानांकडे पाहिलं. नाना दुसरीकडे पाहत होते, डोळे पुसत होते. मग ती धावतच सुटली.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि आवाज वाढवत आमच्या समोरून गेलं. खिडकीत एक लहान तळवा काचेला चिकटलेला होता. चाकं सुटली तेव्हा माझ्या टाचाही उचलल्या गेल्या, जणू मीच आत होते. नव्हते. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि तरी नजर हटेना. विमान लळिंगच्या डोंगराकडे वळलं आणि बारीक होत गेलं.

नाना शेजारी येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कितलं वजन गयं व्हई वर, बाई?"

"बठ्ठं गयं, नाना. सगळंच्या सगळं," मी म्हणाले. "दांड्यासकट."