तीन बोटांचा व्हायोला

शेजारी त्या घराला चांडाळचौकडी म्हणत, आणि दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून ते सगळं ऐकावं लागणाऱ्या माणसाने दुसरं काय म्हणावं! बाबा, म्हणजे दातांचे डॉक्टर, पहिलं व्हायोलिन वाजवायचे. आत्या चेलो, आई व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचाच जरा मोठा, जाड आवाजाचा भाऊ; आणि दुसरं व्हायोलिन मुलाकडे, छोटूकडे. छोटू नावालाच, चांगला दाढीवाला घोडा झाला होता. या चौघांसाठी त्याने एकामागून एक चार वाद्यांची तीन क्वार्टेट लिहिली होती.

त्यातलं तिसरं शहरातल्या चार नावाजलेल्या वादकांनी वाजवायला घेतलं, तेव्हा स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. तालीम संपल्यावर त्या चौघांनी छोटूसमोरच तिन्ही क्वार्टेट पुढ्यात घेतली.

"पहिलं तुझ्या सरांचं," पहिले व्हायोलिनवाले हसत म्हणाले. "दुसरं लिहिताना तू जुनी नाचगाणी ऐकत होतास. असू दे, उसनवारी सगळेच करतात."

व्हायोलावाली बाई मात्र पानं उलटतच होती. "आणि हे कुणाचं रे? तिन्हींत व्हायोला कुठे धावत नाही, कुठे लांब उडी नाही. कोपऱ्यात बसलेला पाहुणा नुसता! हे मी वाजवणार नाही. बदल, नाहीतर कार्यक्रमात दुसरं काहीतरी घेऊ."

कुणाचं, ते छोटूला पक्कं ठाऊक होतं. आईची डावी करंगळी गाडीच्या दारात चिरडली होती, तेव्हापासून ती वाकत नव्हती; तारा दाबायला उरली तीनच बोटं. त्या बोटाची गरज पडेल असं त्याने व्हायोलाला कधी काही दिलंच नाही. आईला याचा पत्ताही नाही, असं समजून स्वतःवर खूशही असायचा शहाणा.

त्याने तिसऱ्यातला व्हायोला नव्याने लिहिला. लिहिता लिहिता सगळं क्वार्टेटच जागं झालं, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

रविवारी त्याने घरच्या स्टँडवर गुपचूप जुनी पानं लावली. आई आली ती हातात नवी पानं घेऊन. जेवणाच्या टेबलावर पडलेली तिला सापडली होती.

"हे वाजवू या," ती म्हणाली.

"आई, ते त्या बाईंसाठी आहे. तुला जुनंच बरं पडेल."

"हे चांगलं आहे. मग आधीचं तसं का लिहिलंस?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी म्हणून मुद्दाम कमी लिहिलंस?" आईचा आवाज चढला. "पहिल्या क्वार्टेटपासून कळतंय मला. वाटलं, आज ना उद्या विचारशील. विचारलंस कधी? बोट माझं, आणि ठरवून मोकळा झालास तू!"

बाबा व्हायोलिनच्या खुंट्या उगाचच पिळत बसले. आत्या खाली बघत होती. छोटूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर याला तो माया समजत आला होता.

"चुकलो," तो म्हणाला.

"ते नंतर. आधी सूर लाव."

ते सुरू झाले. व्हायोला धावायला लागला त्या ओळीत आई अडखळली, थांबली, पुन्हा मागे गेली. पुन्हा तिथेच अडखळली. बाबा गज खाली ठेवणार, तेवढ्यात तिने मान हलवून नको म्हटलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली. याही वेळी चुकली. तिने मागे जावं, की छोटूही तिच्याबरोबर मागे जाई.