धाकटीचे डोळे

"शी! हे काय हो भावोजी?" धाकटीनं वायरचं टोक ब्लेडनं खरवडून त्यांच्या नाकासमोर धरलं. वरचा तांबूस रंग निघून आतून पांढरंफटक ॲल्युमिनियम डोकावत होतं. "ही म्हणे तांब्याची वायर! नुसता मुलामा आहे. चार हादरे बसले की पिनेपाशी मोडणार."

भावोजी दात कोरत होते. त्यांनी काडी बाहेर काढली, तिच्या टोकाला काय आलंय ते निरखलं आणि ती पुन्हा तोंडात घातली. "एवढं रीळ संपव गं. पुढचं चांगलं आणू. वायरी सोलून कोण बघत बसतंय?"

धाकटीनं शिसारीनं तोंड फिरवलं. काडीमुळे की वायरीमुळे, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पंचावन्नी ओलांडली तरी या घरात ती धाकटीच. लग्न काही झालं नाही. ताईकडे राहायला आली, आणि भावोजींनी मागच्या खोलीत धंदा काढला तेव्हा पक्कड घेऊन बसली ती बसलीच. धंदा कसला, तर रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या वायरिंगचा. माणूस खाली मैदानात उभा राहून हातातल्या रिमोटची कांडी हलवतो आणि वर विमानाचं शेपूट वळतं. ते शेपूट वळवणाऱ्या मोटरीपर्यंत जाणाऱ्या वायरी आणि त्यांच्या टोकांचे कनेक्टर धाकटी करायची. वायर सोलायची, मुंगीएवढी पिन तिच्यावर दाबायची, प्लॅस्टिकच्या टोपणात सारायची, आणि टक्क वाजलं की वायर ओढून बघायची. ओढल्याशिवाय तिनं एकही कनेक्टर हातावेगळा केला नाही. "आमच्या मेहुणीबाई प्रत्येक वायरीचा कान पिळतात," असं भावोजी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे.

तर ते रीळही तिनं संपवलं. कुरकुरली, आदळआपट केली, पण संपवलं. हात धुतले तरी बोटांना तो आंबूस वास आहेच असं तिला वाटत राहिलं.

आणि व्हायचं तेच झालं. विमान उडवणाऱ्यांच्या क्लबचे अध्यक्ष एका सकाळी पोतं घेऊन दारात उभे राहिले. पोत्यात त्यांचं विमान होतं, म्हणजे जे काही उरलं होतं ते. हिवाळाभर खपून बांधलेलं विमान आकाशात असताना शेपटाची वायर पिनेपाशी तुटली आणि ते नाकावर आपटलं. गृहस्थ ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "का तुटली, एवढं सांगा. क्लबातली सगळी विमानं तुमच्याच वायरींवर उडतात."

भावोजी पाणी आणतो म्हणून आत आले. पाठोपाठ ताईनं धाकटीचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे बघ, तू एवढंच म्हण, हातून चुकलं. डोळ्यांना हल्ली कमी दिसतं."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"अगं हळू! वायर खोटी होती म्हटलं तर क्लबातला एक माणूस आपल्याकडे फिरकायचा नाही. धंदा बसेल. तुझं काय जातंय एक शब्द बोलायला?"

"माझं काय जातंय?" धाकटीनं भावोजींकडे पाहिलं. ते पेला पुसत होते, फार मन लावून. "तुम्ही काही बोलाल की नाही?"

"घरातलं घरात राहील गं," ते पेल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले.

ताईचे डोळे भरून आले होते. ताईला रडू लवकर यायचं, आणि आलं की धाकटीचं काही चालायचं नाही. लहानपणापासून तेच. धाकटी बाहेर गेली.

"चुकलं साहेब. पिन नीट दाबली गेली नाही," ती म्हणाली. "हल्ली दिसत नाही बारीक."

तिला वाटलं होतं, माणूस चिडेल, चार शब्द सुनावेल. तसं झालं असतं तर बरं होतं. पण अध्यक्षांचा चेहरा एकदम विरघळला. त्यांनी तिचा हात हातात घेतला, वर थोपटला. "असू दे हो. माझ्या आईचंही असंच झालं होतं. आता आराम करा तुम्ही."  धाकटीला वाटलं, हात काढून घ्यावा आणि खसाखसा धुवावा. मागून भावोजी गुळगुळीत आवाजात सांगत होते, उद्यापासून पिना मीच दाबणार, ती फक्त तयार वायरी पिशव्यांत भरेल.

आणि तसंच केलं त्यांनी. तिची पक्कड घेतली आणि तिच्याच खुर्चीत बसले. ओढूनबिढून काही बघत नव्हते. धाकटी कोपऱ्यात पिशव्या भरू लागली.

निदान एकटे असताना तरी भावोजी ओशाळं हसतील, अशी तिला आशा होती. हसले नाहीत. उलट जेवताना म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय तुझ्यासाठी. हयगय नको." चेहऱ्यावर खरीखुरी काळजी! धाकटीचा घास तोंडात फिरत राहिला. थापा मारणारे तिनं पुष्कळ पाहिले होते, पण स्वतःचीच थाप इतक्या मायेनं खाणारा माणूस पहिलाच.

जेवणं झाल्यावर ती भावोजींच्या सदऱ्याला बटण लावायला बसली. ताईनं येऊन सुई-दोरा तिच्या हातातून काढून घेतला.

"दे इकडे. तुला नाही दिसायचं."

"ताई, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुला ठाऊक आहे."

"अगं, असं काय करतेस?" ताई अगदी समजुतीनं म्हणाली. "तूच नाही का त्या दिवशी सांगितलंस त्यांना?"



ताईनं सुई दिव्याकडे धरली. दोरा बाजूनं गेला. पुन्हा गेला. तिनं सुई लांब धरली, जवळ धरली, एक डोळा मिटला. टेबलापलीकडून धाकटीला सुईचं भोक लख्ख दिसत होतं.

ताईनं दोऱ्याचं टोक पुन्हा जिभेवर ओलं केलं. धाकटी हात मांडीवर ठेवून बघत बसली.