रक्त थांबवणारा आरोपी

मंडळी, सावध माणसाची टिंगल करायची आपल्याला भारी हौस! कुणी हेल्मेट घातलं की आपण विचारतो, "काय रे, चंद्रावर निघालास का?" गॅस बंद केलाय ना हे पुन्हा बघायला जाणाऱ्या बाईला आपण वेडी ठरवतो. घरोघरी चालतं हे. पण हीच खोड जिथं कमरेला पिस्तूल लावून माणसं वावरतात तिथं शिरली, की काय घडतं ते आज सांगतो. गोड मानून घ्या असं म्हणणार नाही, कारण यात गोड काहीच नाही.

एका पोलीस ठाण्यात शस्त्रागाराची खिडकी होती. ड्यूटी संपली की तिथं पिस्तूल जमा करायचं. त्याआधी ते रिकामं करायचं, आणि रिकामं करताना नळी खिडकीशेजारच्या वाळूच्या पिंपाकडे धरायची, असा नियम होता. चुकून गोळी सुटलीच तर वाळूत जाईल, माणसात जाणार नाही. शाळकरी पोरालाही पटेल इतकी सरळ गोष्ट! पण त्या पिंपात वाळूपेक्षा सिगारेटची थोटकं आणि चहाचे कागदी कप जास्त झाले होते. नळी तिकडे धरायची ती फक्त एक जण, नुकतीच भरती झालेली शिपाई मुलगी. सगळे तिला 'नवी' म्हणत.

"काय गं नवे, वाळूत किल्ला बांधतेस का?" एके दिवशी फौजदार मागून ओरडला.

या फौजदाराला अख्खं ठाणं 'नेमबाज' म्हणायचं. खात्याच्या स्पर्धेत त्यानं मोठा कप मारला होता आणि तेव्हापासून गडी जमिनीवर नव्हता.

"साहेब, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय तसं करतेय," नवी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"अगं, ते भित्र्यांसाठी असतं! माझ्या बायकोपेक्षा हे पिस्तूल मला जास्त ओळखतं. रागावत नाही, रुसत नाही, सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाही."

सगळे खो खो हसले. खिडकीत बसणारे म्हातारे हवालदारही हसले. त्यांना सगळे 'काका' म्हणत. निवृत्तीला आले होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढच्या काही दिवसांत नवीही पिंपाकडे फिरकेनाशी झाली. चेष्टा कुणाला सोसवते?

आणि मग ती दुपार आली. पाळी बदलायची वेळ होती. भिंतीकडेच्या बाकावर एक प्लंबर बसला होता. मोटारसायकल कुणी कुठं लावायची यावरून शेजाऱ्याशी त्याचं भांडण झालं होतं, म्हणून समज द्यायला त्याला बोलावलं होतं. येताना कामावरून तसाच आला होता, पायाशी अवजारांची पिशवी होती. तेवढ्यात नेमबाज आत आला तो गोष्ट सांगतच. एका पाकीटमाराला त्यानं कसं धावून पकडलं, पाकीटमार कसा तोंडावर आपटला, सगळं साभिनय चाललं होतं. तोंड लोकांकडे आणि हात पिस्तुलावर.

पिस्तूल रिकामं करताना आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं आणि मग वरचा भाग मागे ओढून नळीतली गोळी बाहेर पाडायची. यानं बोलण्याच्या भरात उलटं केलं. आधी ओढलं. एक गोळी टणकन बाहेर पडली, पण मॅगझिन आतच असल्यामुळे तिच्या जागी दुसरी जाऊन बसली. मग यानं मॅगझिन काढलं आणि पिस्तूल रिकामं झालं असं समजून चालला.

"आणि मग मी त्याला म्हटलं, बेट्या, आता पळून दाखव!" असं म्हणत त्यानं पिस्तूल रिकामं झालं का बघायला, नळी पिंपाकडे न धरताच, खटका दाबला.

कानठळ्या बसल्या. खिडकीमागच्या खोलीतून बाहेर येत असलेले काका दारातच खाली बसले. मांडीतून रक्ताची धार लागली होती. सगळ्यांचे पाय जागच्या जागी खिळले. नेमबाजाची तर दातखीळच बसली. एवढे वर्दीतले लोक, आणि हलला तो बाकावरचा प्लंबर! त्यानं कमरेचा पट्टा काढून काकांच्या मांडीला वर करकचून आवळला, पिशवीतलं फडकं जखमेत दाबलं आणि दोन्ही हातांनी सगळा भार त्यावर टाकला.

"काका, डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडे बघा. तुमच्या घरी कुठला नळ गळतो? सांगा ना, उद्या येऊन बदलून देतो."

"मोरीतला," काका पुटपुटले.

"वॉशर गेला असणार. आणि दुसरा कुठला?"

जीप आली, काकांना उचललं, तरी त्यानं हात काढले नाहीत. दवाखान्याच्या दारापर्यंत तो तसाच जखम दाबून बसला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं जरी ढिलं पडलं असतं तरी माणूस हाती लागला नसता.

तासाभरातच मोठ्या साहेबांनी नेमबाजाला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कॅमेरा?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे, साहेब. नेहमीसारखा."

"देवानं एक तरी गोष्ट चांगली केली. आता नीट ऐक. ठाण्यात आपल्याच माणसाच्या हातून आपल्याच माणसाला गोळी लागली, हे बाहेर गेलं तर तुझी नोकरी गेली, माझी खुर्ची गेली आणि लोक आपल्या तोंडात शेण घालतील. तो बाकावरचा कोण होता?"

"प्लंबर आहे, साहेब."

"त्याच्या हाताला रक्त लागलंय?"

"हो, पण त्यानंच तर काकांचं..."

"रक्त लागलंय ना? मग झालं तर! भांडकुदळ माणूस. समज देताना अंगावर आला, तुझं पिस्तूल हिसकायला गेला, झटापटीत गोळी सुटली. काका मध्ये पडले म्हणून तू वाचलास. काकांना पदक मिळेल, म्हातारपणी बिचाऱ्यांचं भलं होईल. कुणाचं वाईट झालं, सांग बरं?"

कुणाचं वाईट झालं! दवाखान्याच्या नळाखाली हात धूत असलेल्या प्लंबरला थोड्याच वेळात दोन शिपाई म्हणाले, "धुऊ नकोस, तसाच चल." त्याला वाटलं, साक्ष द्यायला नेतायत. बिचारा हसत हसत जीपमध्ये बसला.

साहेबांनी लिहून दिलेल्या जबाबावर नेमबाजानं सही केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काकांचा फोटो झळकला. नेमबाजाच्या बायकोनं तो कापून कपाटावर चिकटवला आणि पोरीला म्हणाली, "या आजोबांनी तुझ्या बाबांना वाचवलं बरं का." नेमबाज ताटावरून उठला. भूक नाही म्हणाला. त्या दिवसापासून ड्यूटीवर पिस्तूल घेताना तो नळी दोन-दोनदा तपासायला लागला, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो अजून मोठ्यानं हसायला लागला.

काका शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा तो दवाखान्यात गेला. खोलीच्या दाराशी काकू एका बाईला हाकलत होत्या. ती प्लंबरची बायको होती.

"तुझ्या नवऱ्यानं माझ्या माणसाला गोळी घातली आणि वर तोंड घेऊन आलीस? लाज नाही वाटत?"

"ताई, पिस्तूल कुठल्या बाजूनं धरतात ते तरी त्यांना माहीत असेल का हो? घरात उंदीर निघाला तर शेजाऱ्याला बोलावतात मारायला. फक्त काकांना एकदा विचारा. त्यांनी जे सांगितलं ते मी मान्य करीन. जन्मठेप झाली तरी परत दारात येणार नाही."

नेमबाजाला पाहून ती बाजूला झाली. हाच तो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं त्यालाही नमस्कार केला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत काका पडून होते. पाय मांडीपासून काढावा लागला होता, चादर तिथं सपाट पडली होती. उशाशी पुष्पगुच्छांची रास होती. एरवी काका त्याला 'साहेब' म्हणत. आज नाही म्हणाले.

"ये, बैस. बाहेर ती बाई कशाला रडतेय?"

नेमबाज स्टूल ओढून बसला. मागोमाग आत आलेल्या काकूंनीच सगळं सांगितलं. झटापट, पदक, फोटो. काका ऐकत राहिले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"बाळा," ते शेवटी म्हणाले, "तुझा हात चुकला. माझाही चुकला असता. त्या चुकीबद्दल मी तुला कधीच माफ करून टाकलंय. पण आता तू त्या प्लंबरवर जी गोळी झाडतोयस ना, ती चुकून सुटलेली नाही. ती तू चांगला नेम धरून मारतोयस!"

"काका, नोकरी जाईल माझी. पोर लहान आहे. केस होईल, तुरुंगसुद्धा..."

"होईल. खोटं कशाला सांगू? सगळं होईल. पण त्याला काय पोरंबाळं नाहीत? मला सांग, त्यानं काय गुन्हा केला? तुम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे होतात तेव्हा त्यानं हात घाण करून घेतले, हाच ना?"

"अहो, गप्प बसा तुम्ही!" काकू कळवळून म्हणाल्या. "पाय गेला तुमचा. आता निदान मान तरी मिळू दे. आयुष्यभर त्या खिडकीत बसून काय मिळालं आपल्याला?"

"अगं, त्या माणसानं माझ्या मांडीवरचे हात काढले असते, तर तुला आज पदकच मिळालं असतं. मी नसतो मिळालो!"

काकू तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या. काका धापा टाकत होते, पण थांबेनात.

"आणि ऐक. आपण लोक गोळीला भीत नाही, हसण्याला भितो. ती नवी बरोबर करत होती, हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. तरी मी हसलो. एवढा म्हातारा मी, एक शब्द बोललो असतो तर आज माझा पाय जागेवर असता. तू माझ्यावर गोळी झाडलीस, पण खटका आपण सगळ्यांनी मिळून दाबला. आणि आता परत सगळे मिळून गप्प बसणार? पुन्हा तेच? छे! मी बोलणार. तू नाही बोललास तरी मी बोलणार. पण तू बोललास तर माणसात राहशील."

नेमबाज लहान पोरासारखा रडला. कप मारणारा, मिशीला पीळ देणारा तो गडी काकांच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला!

पुढच्याच तारखेला तो कोर्टात उभा राहिला. "गोळी माझ्या हातून सुटली," तो म्हणाला. "या माणसानं पिस्तुलाला बोटही लावलं नाही. त्यानं रक्त थांबवलं. मी दिलेला जबाब खोटा आहे." तेवढ्यात मागच्या बाकावरून नवी उठली. "मीही तिथं होते," ती म्हणाली. "मलाही सांगायचंय."

आता तुम्हाला वाटेल, सत्याचा जयजयकार झाला असेल. कसला जयजयकार! मोठ्या साहेबांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, फौजदारानं मलाच फसवलं. त्यांची बदली झाली ती आधीच्यापेक्षा बऱ्या जागी. नेमबाज निलंबित झाला, त्याच्यावर केस उभी राहिली, आणि काल गळ्यात हात टाकणारे सहकारी त्याला बघून रस्ता बदलू लागले. नवीला 'चुगलखोर' हे दुसरं नाव मिळालं. काकांचं पदक अर्थातच बारगळलं. काका शांत होते, पण काकू त्यानंतर नेमबाजाशी कधी बोलल्या नाहीत. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

प्लंबर सुटायच्या दिवशी नेमबाज तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभा होता. प्लंबर बाहेर आला तो निम्मा झाला होता. शेजारी बायको होती. नेमबाजानं पुढे होऊन हात जोडले.

"मला माफ कर. मी तुझं फार वाटोळं केलं."

"चला हो, यांच्याशी बोलू नका," बायकोनं त्याची बाही ओढली. पण तो थांबला. रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं नेमबाज पुढे सांगायचा.

"साहेब, माफीचं राहू द्या," प्लंबर म्हणाला. "आत बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. उद्या रस्त्यात असाच कुणी पडलेला दिसला, तर मी रक्त थांबवायचं की पळून जायचं?"

आणि उत्तराची वाट न बघता प्लंबर बायकोबरोबर चालू लागला.

वाचकहो, नेमबाजाला त्याची चूक कळली, त्यानं ती भर कोर्टात कबूल केली, त्याची किंमतही मोजली. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर त्याच्या एकट्याकडे नव्हतं, ते आपल्या सगळ्यांकडे आहे. म्हणून हात जोडून सांगतो, जपून वागणाऱ्याला भित्रा म्हणू नका. हातून चूक झाली तर ती आपल्याच डोक्यावर घ्या, दुसऱ्याच्या गळ्यात अडकवू नका. आणि कुणी अडकवत असेल तर गप्प बसू नका! नाहीतर एक दिवस आपणही असेच रस्त्यात रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असू, आणि येणारा-जाणारा प्रत्येक भला माणूस आपले हात स्वच्छ ठेवून पुढे निघून जाईल.